क्रेडिट कार्डाचे इनाम आणि व्यापाऱ्याची वही

व्यापारी मनुष्यास उधारीचे नावीन्य नाही. दर्शनी हुंडी, मुदती हुंडी, हुंडणावळ, वटाव, कसर हे शब्द आपल्या समाजातील मुले पूर्वी बाराखडीबरोबरच शिकत असत. परगावच्या पेढीवर हुंडी लिहून द्यावी, तिकडच्या पेढीने ती सकारावी, आणि या सोयीबद्दल हुंडणावळ कोणी, किती व कोणत्या मितीस द्यावयाची हे आधीच ठरवून ठेवावे, अशी रीत होती. त्या सर्व व्यवहारात एक गोष्ट लहानथोर प्रत्येकास पक्की ठाऊक असे. ती ही की, दुसऱ्याचा पैसा फुकट वापरावयास मिळत नाही. त्याचे मोल कोणीतरी भरीतच असतो.

तीच उधारी आज क्रेडिट कार्डाच्या रूपाने घरोघर आली आहे. अमेरिकेत १९५० साली डायनर्स क्लबाने या प्रथेस आरंभ केला आणि आपल्या देशात सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० साली आपले कार्ड काढले. त्या काळी कार्ड मिळविण्यास खटपट करावी लागे. आता खटपट उलट बाजूने चालते. बँकेचा मनुष्य फोनवरून, आणि प्रसंगी दुकानाच्या पायरीवर येऊन, कार्ड घ्याच असा आग्रह धरतो. विशेष हे की तो उधारीविषयी एक अक्षरही बोलत नाही. तो इनामाविषयी बोलतो. अमुक खर्च करा, इतके पॉइंट मिळतील. तमुक ठिकाणी खरेदी करा, पाचपट मिळतील, अशी त्याची भाषा असते.

यासंबंधी आमच्या रविवार पेठेत दोन मते ऐकू येतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, कार्ड म्हणजे कर्ज, त्यास हात लावू नये. तरुण मंडळी म्हणतात, पॉइंट म्हणजे सापडलेले धन, ते सोडणारा वेडा. आमचे मत या दोहोंहून वेगळे आहे. इनाम खरे आहे आणि ते घेण्यात कमीपणा नाही. परंतु जो आपले बिल मुदतीच्या आत पुरतेपणी फेडतो, आणि जो घरखर्च व दुकानचे भांडवल यांची सरमिसळ करीत नाही, त्यालाच ते पचते. बाकीच्यांस ते इनाम नसून आमिष आहे. हे मत आम्ही का धरतो, ते क्रमाने मांडण्याचा या लेखात यत्न करीत आहोत.

हे इनाम देतो कोण?

प्रथम पैसा कोठून येतो ते पाहू. ग्राहकाने दुकानात कार्ड वापरले म्हणजे दुकानदाराच्या हाती पूर्ण रक्कम पडत नाही. सामान्यतः शेकडा दीड ते दोन-अडीच रुपये कापून उरलेली रक्कम त्याच्या खाती जमा होते. या कपातीतील मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो, आणि त्या वाट्याचा एक तुकडा ती ग्राहकास पॉइंटांच्या रूपाने परत करते. म्हणजे जुन्या भाषेत सांगावयाचे तर इनाम हा हुंडणावळीचाच अंश होय, आणि ती हुंडणावळ दुकानदार भरतो. या स्मरणिकेचे वाचक एका हाताने पॉइंट घेणारे ग्राहक आहेत आणि दुसऱ्या हाताने ते पॉइंट पुरविणारे दुकानदार आहेत, हे विसरून चालणार नाही.

घाऊक धान्याच्या व्यापारात तर याचा विचार फार बारकाईने करावयास हवा. लाख रुपयांच्या मालावर शेकडा दोन कपात धरली तर दोन हजार रुपये, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी मिळून २,३६० रुपये जातात. सुटे धान्य जीएसटीतून मुक्त असल्यामुळे त्या विक्रीपुरता हा कर आपणांस वळताही करून घेता येत नाही. घाऊक धान्यात शेकड्यामागे हाती काय उरते हे आम्ही सांगावयास नको. बँक-खात्यातून होणारा साधा यूपीआय भरणा दुकानदारास बिनखर्चाचा पडतो. परंतु २०२२ पासून रूपे जातीचे क्रेडिट कार्डही यूपीआयला जोडता येते, आणि ग्राहक त्याच चौकोनी छापावर त्यातून पैसे देऊ शकतो. छोट्या दुकानदारास लहान रकमांवर त्यात सूट आहे, मोठ्या रकमेवर मात्र कपात लागते. सबब महिन्याच्या अखेरीस यंत्राचा हिशेब उघडून पाहण्याची सवय प्रत्येक दुकानदाराने लावून घ्यावी.

इनामाचा दुसरा झरा याहून कडू आहे. जे लोक बिल पुरते भरीत नाहीत त्यांच्याकडून बँकेस जे व्याज मिळते, त्यातून बाकीच्यांची चंगळ चालते. बहुतेक कार्डांवर व्याजाचा दर दरमहा शेकडा तीन ते पावणेचार असतो. म्हणजे सालीना ३६ ते ४५ टक्के. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली ३० टक्क्यांची जी मर्यादा घातली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द ठरविली. या दराने कर्ज घेऊन कोणताही सचोटीचा धंदा तगू शकत नाही. आवळा देऊन कोहळा काढणे या म्हणीचा अर्थ ज्यास प्रत्यक्ष पाहावयाचा असेल त्याने हा व्यवहार पाहावा.

कार्ड कसे निवडावे?

निवड करताना जाहिरात पाहू नये. आपली वही पाहावी. गेल्या सालचा घरखर्च काढून त्याचे भाग पाडावेत : किराणा व कापडचोपड; वीज, गॅस व फोन; पेट्रोल; औषधपाणी; प्रवास व यात्रा; विमा आणि मुलांची फी. नंतर कार्डाच्या अटी वाचून कोणत्या भागावर पॉइंट मिळतात आणि कोणत्यावर नाहीत याची खूण करावी. बहुतेक कार्डांत पेट्रोल, घरभाडे, सरकारी कर यांवर पॉइंट मिळत नाहीत. वीज, विमा, फी यांवर मिळालेच तर दरमहा मर्यादा असते. हप्त्यांनी घेतलेल्या वस्तूवर अनेकदा काहीच मिळत नाही. जाहिरातीतील पाचपट आणि दहापट ही अक्षरे एखाद्या ठरावीक दुकानापुरतीच असतात.

दुसरी गोष्ट पॉइंटाच्या मोलाची. धान्य दाणे मोजून विकले जात नाही, वजनावर विकले जाते. तद्वत् पॉइंटांची संख्या पाहू नये, एका पॉइंटाचे किती पैसे होतात ते पाहावे. एका कार्डावर शंभर रुपयांस चार पॉइंट मिळतात आणि पॉइंटाचे मोल २५ पैसे आहे, असे धरा. दुसऱ्या कार्डावर पॉइंट मुळीच नाहीत, परंतु शंभरास दीड रुपया सरळ बिलातून वजा होतो. पहिल्यात गाजावाजा अधिक, दुसऱ्यात लाभ अधिक. शिवाय एकाच कार्डाच्या पॉइंटाचे मोल विमानाच्या तिकिटास एक, भेटवस्तूस दुसरे आणि रोखीस तिसरे असू शकते. जे आपण खरोखर घेणार आहोत त्याचेच मोल धरावे.

तिसरी गोष्ट वार्षिक वर्गणीची. एक उदाहरण पुरेसे आहे. एका कुटुंबाचा पॉइंट मिळण्याजोगा खर्च वर्षास दोन लाख रुपये आहे. शेकडा एक या दराने त्यास २,००० रुपये परत मिळतात. वर्गणी ५०० रुपये व त्यावर जीएसटी मिळून ५९० रुपये वजा जाता निव्वळ लाभ १,४१० रुपये. याच कुटुंबाने पाच हजार वर्गणीचे मानाचे कार्ड घेतले, तर जीएसटीसह ५,९०० रुपये जातील, आणि शेकडा दोन या दुप्पट दराने मिळाले तरी ४,००० रुपयेच येतील. म्हणजे मानासाठी १,९०० रुपयांची खोट. वर्षातून ठरावीक खर्च केल्यास वर्गणी माफ करणारी, किंवा कायमची बिनवर्गणी, अशीही कार्डे आहेत. सामान्य कुटुंबास प्रथम तीच पाहावीत.

आपल्या घरांची रीतही ध्यानात ठेवावी. हॉटेलातील रात्रीच्या जेवणावर पाचपट पॉइंट देणारे कार्ड सूर्यास्तापूर्वी घरी जेवणाऱ्या कुटुंबास काय कामाचे? विमानतळावरील विश्रांतिगृहाची मोठी स्तुती ऐकू येते. परंतु अलीकडे अनेक कार्डांवर तिमाहीत ठरावीक खर्च केल्याशिवाय ते दार उघडत नाही, आणि वर्षातून एकदा विमानात बसणाऱ्याने त्यासाठी वर्गणी भरणे व्यर्थ. उलट शिखरजीसारख्या यात्रांसाठी वा लग्नकार्यासाठी ज्यांचा रेल्वेचा प्रवास मोठा आहे, त्यांनी आयआरसीटीसीच्या नावाने निघालेली कार्डे अवश्य तपासावीत. त्यांत वातानुकूलित वर्गाच्या तिकिटांवर मिळालेले पॉइंट पुन्हा तिकिटासच लावता येतात. परदेशी असलेल्या मुलाबाळांकडे जाणाऱ्यांनी परकीय चलनावरील जादा आकार पाहावा. तो सामान्यतः शेकडा साडेतीनपर्यंत असतो व त्यापुढे इनाम फिके पडते.

ज्या तरुणांची अद्याप स्वतंत्र कमाईची कागदपत्रे नाहीत, किंवा ज्या गृहिणींस स्वतःच्या नावाने पत निर्माण करावयाची आहे, त्यांस मुदत ठेवीच्या तारणावर कार्ड मिळू शकते. ठेवीवरील व्याज चालूच राहते आणि खर्चाची मर्यादा ठेवीने आपोआप बांधली जाते. शिकाऊ मनुष्यास याहून चांगली शाळा नाही.

वापरण्याची शिस्त

कार्ड घेतल्यानंतर पहिला आणि शेवटचा नियम एकच : बिलातील संपूर्ण रक्कम मुदतीच्या आत भरावी. बिलावर एका बाजूस 'किमान देय रक्कम' म्हणून लहानसा आकडा छापलेला असतो. तो आकडा म्हणजे सवलत आहे असा अनेकांचा समज होतो. तो समज किती महाग पडतो पाहा. बिल ४०,००० रुपयांचे आले आणि २,००० रुपये भरून मनुष्य स्वस्थ बसला. उरलेल्या ३८,००० रुपयांवर दरमहा साडेतीन टक्क्यांनी १,३३० रुपये व्याज आणि त्यावर जीएसटी मिळून सुमारे १,५६९ रुपये एका महिन्यात जातात. वर आम्ही ज्या कुटुंबाचा वर्षाचा निव्वळ लाभ १,४१० रुपये काढला, त्याचे बारा महिन्यांचे इनाम एका महिन्याच्या आळसाने पुसले गेले आणि वर खोट आली. प्रत्यक्षात खोट याहूनही अधिक असते. कारण व्याज खरेदीच्या दिवसापासून मोजले जाते, आणि बाकी राहिली असता नव्या खरेदीसही बिनव्याजी मुदत मिळत नाही. यास्तव मुदतीच्या तारखेस पूर्ण रक्कम आपल्या खात्यातून आपोआप वळती व्हावी अशी लेखी सूचना बँकेस देऊन ठेवावी, आणि त्या तारखेस खात्यात शिल्लक राहील हे पाहावे.

बिनव्याजी मुदत सामान्यतः वीस ते पन्नास दिवसांची असते. बिल निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी केलेल्या मोठ्या खरेदीस जवळजवळ पूर्ण मुदत मिळते; बिल निघण्याच्या आदल्या दिवशी केलेल्या खरेदीस थोडे दिवसच मिळतात. मालाच्या मुदतीचा हिशेब ज्यांच्या रक्तात आहे त्यांस हे अधिक विस्ताराने सांगण्याची गरज नाही.

कार्डावरून रोख रक्कम कधीही काढू नये. त्यास बिनव्याजी दिवस एकही नाही, शिवाय निराळा आकार आहे, आणि पॉइंट नाहीत. बिनव्याजी हप्त्यांच्या योजनेत प्रक्रियेचा आकार आणि व्याजावरील जीएसटी बहुधा ग्राहकाच्या माथी येतो. वस्तू रोखीने घेतल्यास किती सूट मिळते ते आधी विचारावे. एका घरास एक, फार तर दोन कार्डे पुरेत. पत्नी वा मुलगा यांस जोडकार्ड देता येते व पॉइंट एकत्र साठतात. परंतु त्यांच्या खर्चाची जबाबदारी मूळ कार्डधारकावरच असते. मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक खर्च नेहमी होत राहिल्यास पत-गुणांक उतरू शकतो, आणि पुढे दुकानासाठी वा घरासाठी कर्ज घेताना तो आडवा येतो.

साठलेल्या पॉइंटांस व्याज मिळत नाही. बहुतेकांस दोन-तीन वर्षांची मुदत असते, आणि बँक त्यांचे मोल मधेच कमी करू शकते. म्हणून जुना माल जसा आपण दिवाळीपूर्वी उरकतो तसे पॉइंटही दरवर्षी उरकावेत. मात्र पॉइंट आहेत म्हणून नको असलेली वस्तू घेऊ नये. बिलातून वजा करून घेणे हाच सरळ मार्ग. पॉइंट संपत चालले आहेत, अशी भीती घालून कोणी फोनवर गुप्त आकडा मागू लागल्यास तो चोर समजावा आणि फोन ठेवून द्यावा. खात्यात अनोळखी खर्च दिसल्यास त्याच दिवशी बँकेस कळवावे. कळविण्यात जितका उशीर तितकी आपली जबाबदारी वाढते.

रिझर्व्ह बँकेने २०२२ साली काढलेल्या निर्देशांत ग्राहकास काही संरक्षणे दिली आहेत. न मागता कार्ड देण्यास त्यांत मनाई आहे. देणे बाकी नसेल तर कार्ड बंद करण्याची विनंती सात कामकाजाच्या दिवसांत अमलात आणली पाहिजे, अन्यथा दिवसास ५०० रुपये दंड बँकेने ग्राहकास द्यावयाचा आहे. नको असलेले कार्ड कपाटात ठेवून वर्गणी भरीत राहण्याचे म्हणूनच काही कारण नाही.

पेढी आणि कार्ड

आता ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला त्या मुद्द्याकडे येतो. घरखर्चापुरते कार्ड हे सोयीचे साधन आहे; परंतु अलीकडे काही तरुण दुकानदार पॉइंटांच्या आणि बिनव्याजी मुदतीच्या मोहाने पेढीची उलाढालच कार्डांवरून फिरवू लागले आहेत. ओळखीच्या दुकानातील यंत्रावर कार्ड लावावे, मालाची खरेदी न होताच बिल फाडावे, शेकडा दोन कापून रोख घ्यावी आणि तिने आधीच्या कार्डाचे देणे भागवावे, असा हा प्रकार आहे. दरमहा दोन लाख अशा रीतीने फिरविले तर कपातीत ४,००० रुपये जातात आणि पॉइंटांत, ते मिळालेच तर, २,००० येतात. वर्षास २४,००० रुपयांचा हा शुद्ध तोटा आहे. आणि ज्या महिन्यात साखळीतील एक कडी तुटते त्या महिन्यात सर्वच कार्डांवर व्याज चढू लागते. आमच्या पाहण्यातील एका होतकरू तरुणास अशा पाच कार्डांचे देणे भागविण्यासाठी ऐन हंगामात भरलेला माल पडत्या भावाने काढावा लागला. पैशाची खोट पुढे भरून निघाली. परंतु मुदतीवर माल देताना पेठ त्याच्या वडिलांस जे प्रश्न कधी विचारीत नव्हती, ते त्यास विचारू लागली.

ज्या दुकानदाराच्या यंत्रावर असे खोटे बिल फाडले जाते, त्याचेही नुकसान अटळ आहे. विक्री नसता विक्री दाखविल्याने त्याच्या जीएसटीच्या हिशेबात विसंगती येते, यंत्र काढून घेतले जाऊ शकते, आणि मोठ्या रकमांची माहिती बँकेकडून आयकर खात्याकडे जाते, तेव्हा उत्तर त्यालाच द्यावे लागते. मित्राचे मन मोडवत नाही म्हणून केलेली ही मेहेरबानी मित्रासही तारीत नाही. असे कोणी मागितल्यास स्पष्ट नकार देणे हेच खरे मित्रकर्तव्य होय, असे आमचे ठाम मत आहे.

पेढीस भांडवलाची गरज असेल तर बँकेचे कॅश क्रेडिट खाते आहे, मालतारण कर्ज आहे, मुदतीवर माल देणारे जुने अडते आहेत. त्यांचा दर कार्डाच्या व्याजाच्या जवळपासही जात नाही. कार्डाने भांडवल उभारणे म्हणजे बियाणे दळून खाण्यासारखे आहे.

वडीलधाऱ्या मंडळींस आमची विनंती अशी की, कार्डाचे नाव काढताच मुलांवर रागावू नये. रागावल्याने कार्ड जात नाही, ते फक्त लपविले जाते, आणि लपविलेले देणे हेच घर बुडविते. त्याऐवजी कार्डाचे बिल दरमहा घरच्या रोजमेळात लिहिले जावे, मिळालेले इनाम जमेच्या बाजूस आणि वर्गणी व व्याज नावे बाजूस मांडले जावे, आणि सालअखेर दोन्ही बाजूंची बेरीज सर्वांसमक्ष व्हावी. ज्या घरात जमा अधिक दिसेल त्याने कार्ड आनंदाने ठेवावे. ज्या घरात नावे अधिक दिसेल त्याने ते बंद करावे. आपल्या संस्थेनेही दिवाळीच्या वहीपूजनाच्या सुमारास नव्या दुकानदारांसाठी या विषयावर एखादी संध्याकाळ राखून ठेवावी, अशी सूचना आम्ही कार्यकारी मंडळापुढे नम्रपणे ठेवतो. बँकेच्या कागदावरील पतमर्यादा बँकेच्या मर्जीने वाढते व घटते. पेठेतील पत मात्र वेळच्या वेळी चुकत्या केलेल्या देण्यांनीच उभी राहते, आणि ती आपल्या वाडवडिलांनी आपल्या स्वाधीन केलेली आहे.